एका हाताचा सदरा

२ जानेवारी

ती. ताईस, धाकट्याचा डाव्या हाताने सा. न. वि. वि.

तिसरा सदरा पोचला. शिलाई उलटीकडूनही सुलटी दिसते, असं ही म्हणाली. पण गुंड्या काही एका हाताला दाद देत नाहीत. अर्धांगाच्या झटक्याला पाच महिने होत आले, उजवा हात अजून पाहुण्यासारखा मांडीवर बसून असतो. रोज सकाळी ही मला लहान मुलासारखे कपडे घालते आणि आम्ही दोघंही खिडकीबाहेर बघतो. शाळेने मार्चपासून गणिताचे तास देऊ केलेत. स्वतःचा सदरा स्वतः घालता आला तरच जायचं, असं मी ठरवलंय.

माझ्यासोबत व्यायामाला येणाऱ्या पोस्टमनकाकांचाही एकच हात चालतो. त्यांची मुलगी छत्र्या दुरुस्त करते. तिने बाहीच्या गुंड्या इलॅस्टिकच्या दोऱ्याने टाचल्यात, त्यामुळे गुंडी न काढताच हात आरपार जातो. तिचं दुकान तुझ्याच गावात आहे. पत्ता कळवू का?

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नये.
तुझा धाकटा

११ जानेवारी

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

पत्ता नको. तीस वर्षं कात्री चालवतेय, आता छत्रीवालीकडून सदरा शिकू? उसन्या अकलेचं कापड माझ्या भावाच्या अंगावर नको. सोबत चौथा सदरा आहे. याला गुंड्याच नाहीत. डोक्यातून घालायचा आणि गळ्याशी नाडी ओढायची. गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारून पाच दिवस याच्याशीच झटले.

तुझं अक्षर सुधारतंय. कोंबडीचे पाय आता कोंबडीचेच वाटतात.

राग मानू नकोस, मानलास तरी पत्र धाड.
तुझी ताई

२३ जानेवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

घरी एकटा असताना चौथा सदरा घालून पाहिला. डोकं आत, डावा हात कोपरात अडकलेला, उजव्याचा पत्ताच नाही. ही बाजारातून येईपर्यंत पाऊण तास तसाच पलंगावर बसून होतो. तिने सोडवलं तेव्हा आधी दोघंही हसलो. मला हसू आवरेना, आणि मग ते हसू राहिलं नाही.

ताई, मी वर्गात पाढे आयतेच देतो. कुणीतरी ते आधी मांडून ठेवलेत म्हणून पोरं भागाकारापर्यंत पोचतात. बाहीचं कोडं त्या मुलीने सोडवलंय. माझा खांदा उचलला जात नाही, हे कोडं तिला पडलंच नाही, कारण काकांचा खांदा धड आहे. तुझी अक्कल मला तिथे हवी आहे. पत्ता पाठीमागे लिहिलाय.

रागावलीस तर निम्मा राग सदऱ्यावर काढ.
तुझा धाकटा

९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

गेले एकदाची. तीन दिवस दुकानावरून नुसत्याच चकरा मारल्या. चौथ्या दिवशी धडधाकट छत्री घेऊन आत शिरले. पोरीने ती उघडून पाहिली, मिटली आणि विचारलं की मावशी, खरं काम काय आहे?

तिने हातचं काही राखलं नाही. पुढच्या गुंड्या नुसत्या दिसायला, खाली दाबायची चिकटपट्टी. ती युक्ती तिनेही शेजारच्या बूट शिवणाऱ्याकडून उचललेली. मी तीन महिने जिथे घुटमळत होते, तिथून एका दुपारी पुढे निघाले. मग चार दिवसांत खांदाही सुटला. बाहीचा घेर वाढवला, काखेत चौकोनी तुकडा जोडला, आतून कोटाचं गुळगुळीत अस्तर लावलं. उजवा हात आधी घाल, तो आपसूक घसरेल.

अस्तराची बाही तिने वडिलांसाठी मागितली. खोटं कशाला बोलू, क्षणभर माझी मूठ आवळली. मग मीच कागदावर बेतून दिली.

पाचवा सदरा सोबत आहे. जमलं नाही तर तसंच कळव.
तुझी ताई

३ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

काल अकरा मिनिटं लागली. दार लावून घेतलं होतं. येऊ का, असं हिने बाहेरून दोनदा विचारलं, दोन्ही वेळा मी नको म्हटलं. शाळेत सदऱ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. तुझ्या कामाची याहून मोठी तारीफ मला सुचत नाही. फळ्यावर डाव्या हाताने लिहिलं. पहिल्या बाकावरच्या मुलीने हा एक आहे की सात, एवढंच विचारलं.

सांगायचं ते निराळंच. मी दार उघडलं तेव्हा ही नुसती बघत राहिली. इतक्या महिन्यांची सवय, तिच्या हातांना काही कामच उरलं नव्हतं. मग पुढे होऊन तिने माझी कॉलर सरळ केली.

कॉलर सरळच होती. मी मान वाकवून उभा राहिलो.

दोघांचा नमस्कार.
तुझा धाकटा