बाईंना धरायचं नाही

१९ जुलै १९७१, सोमवार
आजही तेच. धरणाच्या या अंगाला सूर्य उगवतो की नाही, देव जाणे. मोठी पोरं भाताच्या लावणीला, शाळेत नुसती लहानगी. पाट्या ओल्या, पेन्सिल उमटेना. पाढे म्हणून झाले. मग मीच म्हटलं, चला, आंधळी कोशिंबीर! पोरांनी तरटं कधी गुंडाळली कळलंच नाही.

रुमाल माझा. मीही खेळले. मजा आली.

पोरं गेली. आता शाळेमागच्या खोलीत मी आणि स्टोव्ह.

२१ जुलै, बुधवार
छबूवर राज्य होतं. तिसरीतली, वाडीच्या कारभारींची नात. हात पसरून सरळ माझ्याकडे आली. मी मुद्दाम हलले नाही. पदराला बोटं लागली मात्र, झटकन हात मागे! "चुकलं बाई," म्हणाली नि वळली. नंतर बन्सीनंही तेच केलं.

मग नीट पाहिलं. वर्गात एवढी दाटी, आणि माझ्या चारी बाजूंना जागा मोकळी.

२२ जुलै, गुरुवार
मुद्दाम पोरांच्या घोळक्यात जाऊन उभी राहिले. घोळका सरकला. राग आला, तो कानिफनाथच्या चुकलेल्या पाढ्यावर काढला. बिचारा.

२५ जुलै, रविवार
सुट्टी. दिवसभर कुणाशी एक शब्द नाही. संध्याकाळी स्वतःलाच मोठ्यानं म्हणाले, "सुनीती, जेवून घे." आणि रडूच आलं. इथं मला नावानं हाक मारणारं कोण आहे?

नगरला आम्ही तिघी बहिणी एका गादीवर. धाकटीच्या लाथांचा काय वैताग यायचा! आता त्याच आठवतात. बास झालं. महिना भरला की राजीनामा देते नि घरी जाते. बाबा चिडतील. चिडू देत.

२८ जुलै, बुधवार
राहीबाई — कारभारींची बायको — पाण्याचा हंडा घेऊन आली. नेहमीसारखा उंबऱ्याबाहेर ठेवला. आज विचारलंच. पोरं मला धरत का नाहीत?

ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुमीच म्हनला व्हता न्हवं, शिवू नका म्हून? आमच्या मालकांनी समद्या वाडीला सांगितलंय, बाई लई सोवळ्यातल्या हायेत. पोरास्नी शिवू द्याचं न्हाई."

अरे देवा! जूनमध्ये आले तो दिवस. ओढा ओलांडताना कारभारींनी आधाराला हात पुढं केला होता. माझे नेमके बाजूला बसायचे दिवस होते. आईनं दहादा बजावलेलं. तोंडातून निघून गेलं, मला शिवू नका. का ते परक्या बाप्या माणसाला कसं सांगणार? आणि त्यांनी ते कायमचंच धरलं!

राहीबाईला खरं काय ते सांगितलं. पदर तोंडाला लावून खूप हसली. मग हसू थांबलं. "आन् येवढे दिस तुमी अशा येकल्याच?" उंबरा ओलांडून आत आली, माझ्याजवळ टेकली. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागला.

जाताना म्हणाली, "पोरास्नी सांगते मी. पर त्या दिसांत तेवढं कळवत जा. पाळतो आमी बी." मी शब्द दिला.

३० जुलै, शुक्रवार
छबूनं धरलं! दोन्ही हातांनी. नाक चाचपलं, कान चाचपले, वेणी ओढून पाहिली. "बाई हायेत!" मग सगळीच अंगावर आली. पातळभर चिखलाचे हात. राजीनामा लिहायला बसायचं होतं. बसले नाही.

५ ऑगस्ट, गुरुवार
सकाळी कावळा शिवला. आईचा आवाज कानात. राहीबाईला शब्द दिलेला. आज लांब राहा रे, असं म्हणायचं ठरवूनच वर्गात गेले. छबू रुमाल घेऊन समोर उभी. "बाई, आज राज्य तुमच्यावर."

वाकले, डोळे बांधून घेतले. कुणालाही काही सांगितलं नाही.