फक्त भेंडीपुरते गोजरसर

१२ नोव्हेंबर
भात झोडून झालं. यंदा भेंडी. किन्हवलीत कोणाची झाली नाही अशी करायची. नेहमीसारखं कमळूबरोबर अर्ध्या वाट्याने. जागा-पाणी माझं, मेहनत कमळूची आणि त्याच्या बायकोची, जनाची. डोकं माझं. म्हणजे यूट्यूबवरच्या गोजरसरांचं. बी भिजवण्यापासून पॅकिंगपर्यंत माणूस सगळं फुकट शिकवतो. असा माणूस होणे नाही.

२० नोव्हेंबर
सरांचं ठिबक संपलं की राजकारण सुरू होतं. आज म्हणाले, डोंगरातल्या वाड्यांना दिलेले वनपट्टे काढून घ्या; फुकटचं रेशन खाणाऱ्यांना मताचा अधिकारच कशाला? कमळू आदिवासी, ठाकरवाडीचा. त्याचा पट्टा आत्ता कुठे हातात आलाय. मला राग आला. खरंच आला. पण ठिबकची माहिती एक नंबर होती.
ठरलं. सर फक्त भेंडीपुरते. नीरक्षीरविवेक. राजकारण सुरू झालं की मोबाइल बंद.

२८ नोव्हेंबर
बंद करायला उशीर झाला. हात चिखलाचे होते. कमळू शेजारच्या सरीत खत देत होता, त्याने सगळं ऐकलं. मी समजावलं, आपण भेंडी घ्यायची, बाकीचं सोडायचं. तो म्हणाला, "तुला सोडता येतंय रे. तो तुला कुठं बोलतोय?"
विषय बदलला. इअरफोन घ्यायला हवेत.

१० जानेवारी
भेंडी अशी कोवळी की बघत राहावं. सरांना फोटो पाठवला. लगेच रिप्लाय! मुरबाडला येतायत, आपल्या प्लॉटवर शूटिंग करणार. नम्रताने विचारलं, त्या माणसाला बोलावताय, कमळूभाऊंना विचारलंत का? म्हटलं, भेंडीचं शूटिंग आहे, प्रचारसभा नाही. बायकोला फरक कळत नाही.
तरी ठरवलंय, सर आले की आधी कमळू-जनाची ओळख करून द्यायची. ठासून.

१८ जानेवारी, सकाळ
आज सर येणार. कमळूला क्रेट आणायला मुरबाडला धाडलं. क्रेट घरात आहेत, पण जास्त असलेले बरे. जनाला म्हटलं, आज आराम कर. ती म्हणाली, "आज तोडा नाय का, दादा?" म्हटलं, उद्या. त्यांच्या मनाला लागू नये, एवढाच हेतू.

१८ जानेवारी, संध्याकाळ
सर साधे आहेत. चहा दोनदा घेतला. कॅमेरा सुरू करून विचारलं, ही मेहनत कोणाची? मी म्हणालो, माझीच. एका वाक्यात किती नावं कोंबणार?
मग सर कॅमेऱ्याकडे वळले. बघा म्हणाले, हा घाम गाळणारा शेतकरी, आणि तिकडे वाडीवर फुकटचं खाऊन झोपलेत. बरोबर ना, अनिलराव?
मी हसलो. हसणं म्हणजे होकार नव्हे. एडिटिंगमध्ये जाईल.

२३ जानेवारी
गेलं नाही. व्हिडिओ तिथूनच सुरू होतो. माझं हसू फार मोठं दिसतंय.
कमळूची दिपिका कॉलेजला जाते. तिने सगळ्या वाडीला दाखवलं म्हणे. आज तोडायला कोणी आलं नाही.

२६ जानेवारी
मी आणि नम्रता तोडतोय. भेंडीची लव लागून कोपरापर्यंत खाज. जना या खाजेबद्दल कधी बोलली नव्हती. मी विचारलंही नव्हतं. न तोडलेली भेंडी जून झाली, गिऱ्हाईक हात लावत नाही. नम्रता कामापुरतं बोलते.

३० जानेवारी
व्हिडिओखाली खरं लिहायचंच. मेहनत कमळू आणि जनाची, मी खोटं बोललो, हसलो तेही चुकलं. टाइप केलं. वाचून ऊर भरून आला.
पण पानांच्या शिरा पिवळ्या पडल्यात. उपाय सरांनाच ठाऊक. आधी तो विचारला. उत्तर आलं की कमेंट टाकतोच.

१ फेब्रुवारी
उत्तर आलं. रोगट झाडं उपटून टाका. खाली लिहिलंय, असेच जागृत शेतकरी हवेत. मी 'आभारी आहे सर' लिहिलं. नंतर कमेंट टाकणं बरं दिसेना. पुसली.
आज आरशात बघून दाढी करवेना.

४ फेब्रुवारी
वाडीवर गेलो. वाटेत माफीचं वाक्य घोकलं. कमळू अंगणात बसला होता. जनाने पाणी दिलं आणि आत गेली. मी सुरुवात केली, सरांचं ज्ञान वेगळं, मतं वेगळी...
कमळू म्हणाला, "सरांचं सोड रे. तुजं काय?"
घोकलेलं वाक्य आठवेना. पाणी संपवलं. मग तोंडातून निघालं ते हे, की रोगट झाडं उपटायचीत आणि माझ्या एकट्याच्यानं होत नाही.
तो म्हणाला, "येईन. पन वाट्यानं नाय, रोजावर. रोजाच्या मानसाचं नाव घ्याला लागत नाय."
मी बरं म्हणालो. बरं!
निघताना त्याने विचारलं, सकाळी कधी येऊ. इतक्या वर्षांत असं त्याने कधी विचारलं नव्हतं.