सात कोण म्हणालं

दांडी रस्ता, तारापूर
रविवार, ३ डिसेंबर १९६७

ती. आत्या,

शकूचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र आणि पुंडलिकदादाच्या हाती पाठवलेले पापड पोचले. निम्मे पापड त्यानं वाटेतच कच्चे खाल्ले. तो सांगणार नाही, म्हणून मी सांगते. माझी तब्येत बरी आहे. बालवाडीत आता एकतीस मुलं झाली. प्रकल्पाच्या कामावर जाणाऱ्या बायका सकाळी सातच्या आतच मुलं आणून सोडतात, आणि निम्मी मुलं दहापर्यंत माझ्या पदराला धरून रडतात.

तू विचारलंस, मी पहाटेच्या काळोखात बाप्यांबरोबर धावायला जाते हे खरं का. खरं आहे. पण दादा सोबत असतो, आणि एकटी मी एक पाऊलही टाकत नाही. इथे शांतारामकाका म्हणून भांडारावर आहेत, पूर्वी पलटणीत होते. त्यांनी प्रभात मंडळ काढलं आहे. सव्वीस जानेवारीला पालघरला शर्यती आहेत, त्यात बायकांचीही आहे. आम्ही सातजण आहोत, चार बाप्ये आणि तीन बायका. कामाच्या पाळ्या सातला सुरू होतात, म्हणून सव्वापाचला निघायचं. रस्त्याच्या मोरीपासून मिठागराच्या बांधावरून दांडीच्या किनाऱ्यापर्यंत आणि तसंच परत. या दिवसांत सहा वाजून गेले तरी हात समोर धरला तर दिसत नाही.

कंदील एकच, तो दादाकडे. तो सगळ्यांच्या पुढे. जाताना बांधावर, मग दांडीला, मग परतताना पुन्हा बांधावर, असा तीनदा तो उभा राहतो आणि ओरडतो, "एक!" मागून दोन, तीन करत आकडे यायचे. सात आलं की तो "भरले" म्हणतो आणि पुढे निघतो. कंदिलानं डोळे दिपतात, त्यामुळे मागे वळून त्याला काही दिसत नाही. सगळं त्याच्या कानांवर. त्याचे कान तुला ठाऊकच आहेत, वाडीत सुपारी पडली तर कुठल्या झाडाची ते अंगणातून सांगणारा! प्रकल्पावरही क्रेनच्या खाली उभं राहून इशारा द्यायचं काम त्याला त्या कानांमुळेच मिळालं. काकांचा गुडघा धरला आहे, म्हणून ते मोरीवर वही घेऊन बसतात. दादाच्या "भरले" वरच वहीत हजेरी लागते, मोरीवर पुन्हा कोणी मोजत नाही, काळोखातच जो तो कामाला पळतो. त्यांचा नियम एकच, "रांग मोडली त्याचं नाव कापलं. काळोखात मला हुशारी नको, हजेरी हवी."

माझा नंबर सहा. माझ्यामागे सात नंबर नवसी. ती डोंगराकडची, खडी वाहायच्या कामावर आहे. तिची चार वर्षांची बुधी माझ्याच बालवाडीत येते. नवसी अनवाणी धावते आणि मनात आणलं तर दादालाही मागे टाकेल. पालघरला ती पहिली येणार असं काका उघड म्हणतात. मला म्हणते, "बाय, तू धावतंस का भितंस? दोनी एकदम करू नुको, दम लागतो."

एक बारीकशी गोष्ट विचारायची होती. एखाद्याच्या भल्यासाठी आपण एक शब्द बोललो, आणि तो शब्द आपला नसला, तर ते खोटं होतं का? घाई नाही. बालवाडीतल्या एका गोष्टीसाठी विचारते आहे.

हे शेवटचं वाक्य खरं नाही. पण खोडलं तर कागद घाण होईल, आणि खाडाखोड तुला आवडत नाही.

तुझी
शकू


दांडी रस्ता, तारापूर
गुरुवार, १४ डिसेंबर १९६७

ती. आत्यास,

शकूचा साष्टांग नमस्कार. तुझं पत्र मंगळवारीच आलं. उत्तराला उशीर झाला, त्याला कारण तब्येत नाही.

तू लिहिलंस की पुंडलिकदादानं दोन ओळींचं कार्ड टाकलं आणि त्यात नुसतं "बरा आहे" लिहिलं, तेव्हा नक्की काय झालं ते तूच कळव. कळवते.

शनिवारी पहाटे नवसी मिठागराच्या बांधावरून घसरून पाण्याच्या चरात पडली. पाय मोडला. तो चर खाडीला जोडलेला आहे. सात वाजता मिठागरावरचा गडी आला तेव्हा ती त्याला सापडली. पाणी कमरेपर्यंत चढलं होतं. भांगाची लहान भरती होती म्हणून तेवढंच. उधाणाचे दिवस असते तर काय झालं असतं ते मी लिहीत नाही. ती पालघरच्या दवाखान्यात आहे. बुधी माझ्याकडे झोपते.

सगळ्यांनी दादाला धारेवर धरलं. एक माणूस बांधाखाली पडलेलं असताना हा "भरले" म्हणून मोरीवर आला कसा? तो म्हणतो, "सात आला. दांडीला आला, मागारी बांधावर आला. मी आयकला." शांतारामकाकांनी बाकीच्यांना विचारलं. आपला नंबर बोलून झाला की पुढचं कोण ऐकतो? कोणालाच शपथेवर सांगता येईना. मलाही विचारलं. मी म्हणाले, "माझ्या मागून मला काही ऐकू आलं नाही." हे खरं आहे, आत्या. शब्द न् शब्द खरा आहे.

गोष्ट तिथेच थांबली नाही. ती कामावर पोचली. मुकादम म्हणाला, "न बोललेलं सात ज्याला ऐकू येतं, त्याला उद्या न बोललेलं 'सोड' ऐकू येईल. खाली माणसं असतात." त्याचं बोलणं गैर नाही. दादाला क्रेनवरून काढून घमेली उचलायला लावलं आहे. कंत्राटदाराचा कारकून कागद करणार आहे, कान कमी आहेत असा. त्यावर सही केली तर ते काम पुन्हा मिळायचं नाही. सही केली नाही तर तो खोटं बोलला, असं होतं. शनिवारी, तेवीस तारखेला, सही करायची आहे.

परवा संध्याकाळी तो भिंतीकडे तोंड करून बसला आणि म्हणाला, "शकू, काडी टाक." मी काडेपेटीतली एक काडी जमिनीवर टाकली. "आयकली," म्हणाला. दुसरी टाकली. "आयकली." मग म्हणाला, "टाकलीस ना पण? का मना नुसता वाटला?" मी टाकली होती. मी हो म्हणाले. तरी तो उठून कंदील घेऊन जमिनीवर काडी शोधत राहिला.

मला जेवण जात नाही. थंडी आहे म्हणून असेल.

शकू


दांडी रस्ता, तारापूर
शुक्रवार, २२ डिसेंबर १९६७, दुपार

ती. आत्या,

नमस्कार करते. तो घ्यायचा की नाही हे पत्र वाचून झाल्यावर ठरव.

सात मी म्हणाले.

नवसीचं खोपट मिठागराच्या बांधामागे आहे. बुधी तिथे एकटी झोपलेली असायची. जाताना बांधावर नवसी आपलं सात स्वतः म्हणायची आणि रांग हलली की तिकडे वळायची. पोरीला उठवून, पेज पाजून, आम्ही दांडीहून परत यायच्या आत बांधावर येऊन माझ्यामागे उभी राहायची. दांडीचं सात तेवढं मी म्हणायचे, तिच्यासारखा आवाज जाड करून. तिनं पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणाली, "माझा सात तू बोल बाय, एकच डाव. नाव कापला तर पालघर गेला माझा." एकच डाव म्हणता म्हणता अकरा दिवस झाले. मी रोज मोजत होते. तुला पहिल्या पत्रात जे विचारलं ते हेच.

नऊ तारखेला दांडीला मी सात म्हणाले. ते नवसीसाठी होतं. परतताना बांधावर आलो. दादानं एक म्हटलं. आकडे मागे येत माझ्यापर्यंत आले. मी सहा म्हणाले आणि थांबले. मागे कोणी नव्हतं, श्वासही नव्हता. मी गप्प राहिले असते तर दादा थांबला असता, सगळे वळले असते, नवसी खोपटात सापडली असती आणि आजवरचं सात कोणाचं हे विचारलं गेलं असतं. एवढं सगळं मला एका श्वासात सुचलं. पोर रडत असेल, उशीर झाला असेल, असंही सुचलं. आणि मी सात म्हणाले. हे दुसरं सात माझ्यासाठी होतं.

अजून आहे. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, आणि दादाही, तुझा मुलगा, कोणाला बोलला नाही.

दादा "भरले" म्हणाला, पण निघाला नाही. कंदील खाली धरून म्हणाला, "कायतरी आयकला मी. कोन वरडला काय?" मीही ऐकलं होतं, मागून नाही, बाजूनं, बांधाखालून. आत्या, मी ऐकलं होतं. मी म्हणाले, "टिटवी असेल, दादा." तो पुन्हा कान देऊन उभा राहिला. मी म्हणाले, "टिटवीच. चल, उशीर होतो." तो चालू लागला. स्वतःच्या कानांपेक्षा माझ्यावर त्याचा विश्वास जास्त.

त्या दिवशी शुद्ध अष्टमी होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे तू मला शाळेत घालायच्या आधी ओट्यावर खडूनं शिकवलंस. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती. बांधाखाली चरात पाणी शिरल्याचा आवाज येत होता आणि मी धावता धावता मनात गणित करत होते. मला उत्तर येत होतं.

बुधवारी पालघरला दवाखान्यात गेले. वाटलं होतं नवसी शिव्या देईल. तिनं बुधीचं विचारलं, केस विंचरतेस का, खाते का. काकांनी विचारलं तेव्हाही तिनं माझं नाव घेतलं नव्हतं, पाय घसरला आणि मागं राहिले एवढंच सांगितलं होतं. मी निघताना म्हणाली, "मी तुजाच नाव घेऊन हाक मारली. शकूबाय, शकूबाय. मना वाटला, तू तरी येशील मागारी." मग तोंड फिरवून म्हणाली, "सात बोललीस त्याचा काय नाय. तो मीच सांगितला व्हता."

आगगाडीत मी टिटवी हा शब्द मनातल्या मनात इतक्यांदा म्हटला की त्याचा अर्थच गेला.

आज पहाटे मी रांगेत गेले. आता सहाजण उरलो आहोत, मीच शेवटची. काकांना विनवून बांधापर्यंत आणलं होतं, सायकलवर मागे बसवून. कंदील दादाकडे नव्हता, दुसऱ्याकडे दिला आहे. दादा तिसरा उभा होता, मान खाली. एक आलं, दोन आलं. दादाचं तीन कसंबसं ऐकू आलं. माझं सहा झालं आणि नवा कंदीलवाला "भरले" म्हणणार एवढ्यात मी आवाज जाड करून म्हणाले, "सात."

दादा रांगेतून बाहेर आला. रांग मोडून.

"परत बोल."

"सात."

"परत."

तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा तो मोठ्यानं हसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "आयकलात?" सगळ्यांना म्हणाला. "ह्योच. ह्योच सात! माजे कान शाबूत हायत, काका!" मग हसणं थांबलं. माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "म्हंजे ती टिटवीबी नव्हती."

"नव्हती," मी म्हणाले.

तो बांधाच्या कडेला जाऊन खाली चराकडे बघत उभा राहिला. नंतर माझ्याशी बोलला नाही, अजूनही बोललेला नाही. काकांनी तिथेच कंदिलाच्या उजेडात वही उघडली. म्हणाले, "नवसीचं नाव कापतो, नियम आहे. पाय बरा झाला की पुन्हा लिहीन. तुझं पुन्हा लिहिणार नाही." मी म्हणाले, बरोबर आहे. मग ते दादाला घेऊन मुकादमाकडे गेले. दादा सही करणार नाही. क्रेनवर परत घेतील की नाही ते मुकादम सोमवारनंतर सांगणार आहे. मीही जाऊन मुकादमासमोर सगळं बोलून आले. तो म्हणाला, "बालवाडीत पोरांना हेच शिकवता काय, बाई?" बालवाडीचं काय होईल ते अजून कळलं नाही. पालघरला सव्वीस जानेवारीला नवसी धावणार नाही, एवढं मात्र आज नक्की आहे, आणि ते कोणत्याही कागदानं फिरणार नाही.

दादा रविवारी केळव्याला तुझ्याकडे येईल. त्याला माझ्याबद्दल विचारू नकोस. त्याच्या पाठीमागे उभी राहून हळूच एक सुपारी टाक, आणि कुठल्या झाडाची ते त्याला ओळखू दे.

तू मला पहिलं अक्षर शिकवलंस तेव्हापासून प्रत्येक पत्राखाली, माझ्या नावाच्या वर, मी एक शब्द लिहीत आले. मागच्या पत्रात तो माझ्यानं लिहवला नाही. तुझ्या लक्षात आलं असेल. आजही मी लिहीत नाही. जागा मोकळी सोडली आहे. भरायची असेल तर तू भर, आणि हाच कागद मला परत पाठव.

. . . . . . .
शकू