ऐन सिदराची भिंत आणि माझं भुईगावचं घर

मी, श्रीमती जीन पॅट्रिक तुस्कानो, वय वर्षे सदुसष्ट, मूळ राहणार भुईगाव, तालुका वसई, सध्या मुक्काम शारजा, मुलगी व्हिवियन हिच्या फ्लॅटमध्ये आणि तिच्याच व्हिसावर, माझ्या मिळकतीची व्यवस्था माझ्या हाताने लिहून ठेवते. मला कोणी भरीस घातलेलं नाही. बुद्धी ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरचा दाखला सोबत जोडला आहे. राग डोक्यात आहे, पण त्याचा दाखला कोणी मागत नाही. माझे पती हयात असताना आम्ही दोघांनी केलेलं मृत्युपत्र आजपासून रद्द समजावं. ते मन शांत असताना लिहिलं होतं.

कलम १. व्यवस्थापक. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी मैत्रीण रंजिता कामत हिने करावी. ती दुबईत ऊद मेथाच्या एका भारतीय शाळेत शिकवते. पहिला कच्चा मजकूर वाचून ती म्हणाली, "जीनताई, मृत्युपत्रात भांडण लिहायचं नसतं हो." मी म्हटलं, "मग कुठे लिहू? मेल्यावर मला कोण माईक देणार आहे?" त्यावर तिने पुढचं पान मागितलं, म्हणून तिला नेमलं.

कलम २. घर. भुईगावचं कौलारू घर, मागची वाडी, विहीर आणि माड ही माझी एकमेव मोठी मिळकत. विहिरीपलीकडे आमचं बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं होतं. गावातल्या आम्ही सगळ्या मुली त्यातच पोहायला शिकलो. पॅट्रिक इथे आखातात राबत असताना माझा दीर क्रिस्टोफर याने त्यात डबर टाकून ते बुजवलं आणि वर गाड्या लावायला जागा केली. विचारलं तर म्हणाला, "डास होत होते." सबब, क्रिस्टोफरला या घरातला खिळासुद्धा मिळू नये. माझ्या मयतीला तो मोठं पुष्पचक्र घेऊन येईलच. चक्र ठेवून घ्यावं आणि त्याला चहा न देता परत पाठवावं.

घर गेल्या महिन्यापर्यंत बिनशर्त व्हिवियनचं होतं. आता अट आहे.

कलम ३. अट आणि तिचं कारण. हे कलम लांब आहे. वकिलाने कापू नये.

रास अल-खैमाच्या डोंगरांच्या पायथ्याशी ऐन सिदरा नावाची जुनी बाग आहे. तिथे जमिनीतून गरम पाणी येतं. पुरुषांचा हौद उघड्यावर आहे. बायकांचा हौद उंच भिंतीच्या आत आहे, वर छप्पर नाही, नुसतं आकाश. व्हिवियन सहा वर्षांची असताना तिचे गुडघे आणि मनगटं सुजायची. मुलांनाही संधिवात होतो हे मला तेव्हा कळलं. औषधं चालू होतीच, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गरम पाण्यात हातपाय हलवू द्या. तेव्हा दर शुक्रवारी पॅट्रिक आम्हाला शारजाहून घेऊन जायचा आणि स्वतः बाहेर झाडाखाली पेपर वाचत बसायचा. माझा हात लागला की पोर किंचाळायची. आत एक वयस्कर अमिराती बाई यायच्या, सगळ्या त्यांना उम्म सालेम म्हणायच्या. त्या तिला मांडीवर घेऊन पाण्यात बसायच्या आणि गुणगुणत तिचा एकेक गुडघा वाकवायच्या. माझ्यापेक्षा त्यांच्यावर तिचा जास्त विश्वास होता. दोन हिवाळ्यांनी माझी मुलगी न लंगडता त्या पायऱ्या चढली.

हीच मुलगी मोठी होऊन बागांची आखणी करायला शिकली. दुबईला जुमेरा लेक टॉवर्समधल्या मोठ्या ऑफिसात लागली. मी परिचयाच्या प्रत्येक माणसाला हे दोनदा सांगितलं. आणि पुढच्या हिवाळ्यात उत्तरेकडच्या अमिरातींचा उद्यान महोत्सव ऐन सिदरात भरणार, त्यासाठी बागेचा कायापालट करायचं काम नेमकं तिच्याच ऑफिसला मिळालं. ते मला घरात कळलं नाही. बागेच्या फाटकावर नवीन बोर्ड लागला, त्यावर चित्र होतं: फुलांचे गालिचे, मधे उथळ पाणी, हॅट घातलेली एक बाई फोटो काढतेय. मुनिबा माझी हौदातली जुनी मैत्रीण, अजमानला शिवणकाम करते. ती बोर्डासमोर उभी राहून म्हणाली, "जीन आपा, ये तो अपना हौज है ना? दीवार किधर गई?" मग खालची नावं वाचून म्हणाली, "ये तो आपकी बेटी की कंपनी है."

माझ्या चेहऱ्यावर तेव्हा जे काही झालं असेल त्याबद्दल मी व्हिवियनला माफ केलेलं नाही.

घरी आल्यावर जे बोलणं झालं ते जसंच्या तसं लिहिते.

"मम्मा, डेटा बघ ना. वुमेन्स साइडचा यूसेज झीरो आहे. डेड स्पेस कोण ठेवणार?"

"झीरो? मग मी काय भूत आहे?"

"साइट टीमने आठवडाभर काउंट घेतला."

"कोण होतं टीममध्ये?"

"दोन सर्व्हेअर. नवीन मुलगे आहेत."

"मुलगे भिंतीच्या आत गेले?"

"मम्मा, ऑफ कोर्स नॉट! कसे जाणार?"

एवढं बोलून तिने लॅपटॉप मिटला. तिला ते त्या क्षणी कळलं असं नाही, आधीच कळलेलं होतं, हे मी आई असल्यामुळे ओळखलं. आत जाता येत नाही, म्हणून रकान्यात शून्य. आणि त्या शून्याखाली माझ्या मुलीची सही.

"तुला ठाऊक होतं," मी म्हटलं.

"आय नो दॅट पूल, मम्मा. बट सबमिशन झालंय, क्लायंट खूश आहे. आता मी उलटले तर जॉब जाईल. जॉब गेला की माझा व्हिसा, माझ्यावर तुझा. दोघी खलास."

ती खोटं बोलत नव्हती. मी तिच्या व्हिसावर या देशात राहते. हॉटेलच्या लिनन खात्यात तीस वर्षं चादरी मोजल्यावर माझ्याही गुडघ्यांना आता तेच पाणी लागतं. पण जिला त्या पाण्याने उभं केलं तिने तिथे कोणीच नसतं असं लिहून द्यावं? उम्म सालेम कोणीच नव्हत्या? मी कोणीच नव्हते? त्या दिवसापासून मी तिच्याशी गॅस बंद कर, दार लाव, एवढंच बोलते.

तरी अट अशी: व्हिवियनने स्वतः त्या भिंतीच्या आत दिवसभर बसून बायका मोजाव्यात, आणि खरा आकडा स्वतःच्या सहीने महोत्सवाच्या कार्यालयाला कळवावा. माझ्या हयातीत हे झालं नाही, तर भुईगावचं घर आमच्या चर्चच्या धर्मग्रामातल्या महिला मंडळाला द्यावं. याने व्हिसा जाऊ शकतो हे मला माहीत आहे. माझाही जाईल, तेही माहीत आहे. अट कायम. ही अट मी तिला सांगितलेली नाही आणि रंजितानेही सांगू नये. सांगितली तर तो सौदा होईल.

कलम ४. फुलं. महोत्सवासाठी पेटुनियाची रोपं येणार आहेत, एकेक बारा दिरहमला, म्हणजे आपले जवळजवळ तीनशे रुपये. मे महिन्यात ती सगळी वाळून कचऱ्यात जातील. माझ्या पेटीवर पेटुनिया ठेवू नयेत. मला भुईगावला पॅट्रिकशेजारी पुरावं आणि वाडीतला मोगरा असेल तर तो ठेवावा, नसेल तर काही नको.

कलम ५. किरकोळ वस्तू. सोन्याच्या दोन बांगड्या रंजिताला, तिने मोडून दात करून घ्यावेत, बरीच वर्षं टाळते आहे. शिलाई मशीन मुनिबाला. त्या दोन सर्व्हेअर मुलांवर माझा राग नाही. ते आत आले नाहीत हे त्यांनी योग्यच केलं. मात्र बायकांचा हौद मोजायला बाई पाठवावी हे ज्यांना सुचलं नाही, ते व्हिवियनचे साहेब शैलेंद्र यांना माझी हौदात घालायची निळी मॅक्सी द्यावी. पुढच्या वेळी त्यांना आत जाता येईल.

कलम ६. हे कलम आज जोडत आहे. वरची पाचही कलमं नाताळानंतर लिहून झाली होती, फक्त सह्या राहिल्या होत्या.

मागच्या शनिवारी सकाळी मी, मुनिबा आणि रंजिता पाण्यात असताना व्हिवियन आत आली. जुना टी-शर्ट, हातात पॅड. माझ्याकडे न बघता पायरीवर बसली आणि आत येणाऱ्या प्रत्येक बाईची नोंद करू लागली. एका आजीबाईंनी विचारलं, ही कोणाची पोर? मुनिबाने सांगितलं, "जीन की." दार बंद होईपर्यंत ती तिथेच होती. सोमवारी तिने आकडा कार्यालयाला पाठवला, आधीचा अहवाल चुकीचा आहे असं लिहून, खाली सही करून. गुरुवारी तिला नोकरीवरून काढलं. काल कार्यालयाचं उत्तर आलं की बायकांकडून नव्याने मोजणी होईपर्यंत भिंतीला हात लावणार नाहीत. थांबवलंय, रद्द केलेलं नाही. मी खुळी नाही.

काल रात्री जेवताना ती म्हणाली, "हॅपी, मम्मा?"

"नाही," मी म्हटलं. "हे पहिल्याच दिवशी करायचं होतंस."

तिने घरासाठी हे केलं नाही. मी रंजिताला शपथ घालून विचारलं, तिने सांगितलं नव्हतं. मला रडू आलं, तेही रागाचंच. एवढी धमक होती, तर महिनाभर मला कशाला जाळलंस?

तेव्हा कलम ३ मधली अट पूर्ण झाली असं समजावं. घर व्हिवियनचं. माझ्या मरणाची वाट बघायची गरज नाही, कारण व्हिसाची मुदत संपायच्या आत, पुढच्या महिन्यात, आम्ही दोघी तिथेच राहायला जात आहोत. विहिरीकडची खोली तिला हवी की रस्त्याकडची, ते तिने मला स्वतः येऊन विचारावं. मी आधी बोलणार नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि मुनिबाला हिंदीत समजावून सांगितला. ती हसली तिथे मी खाडाखोड केलेली नाही.

सही: जीन पॅट्रिक तुस्कानो

साक्षीदार, आमच्यादेखत सही झाली:
१. मुनिबा अख्तर, अजमान
२. रंजिता कामत, दुबई

स्थळ: ऐन सिदरा, बायकांच्या हौदाची पायरी
दिनांक: शनिवार, १७ जानेवारी २०२६