हिरव्या पाकिटामागचा डोळा

यिलान, १४ मार्च २००९

चि. पेइ-शान हिला आजीचा आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. थंडी सरली, पातीचा कांदा बरा आलाय.

तू पाठवलेला छोटा कॉम्प्युटर पोचला. तुमच्या कंपनीची ती लिनक्स प्रणाली त्यात आहे, स्वस्तातल्या मशीनवर चालते, आपली अक्षरं येतात आणि वर फुकट, असं म्हणालीस. फुकट कोण देतं गं? देवळातला प्रसादसुद्धा दानपेटीकडे बघून देतात. पडद्यावरची चित्रं मात्र मोठी काढलीत. बोटाने एक रेघ ओढली की दहा अक्षरं पुढे करतो, मासळीवालीसारखा. हे घे, नाहीतर ते घे!

पण वरच्या कडेला तो काचेचा डोळा कशाला? सोमवारी आपण मशीनवरून बोललो, तू मला त्यातून पाहिलंस. मंगळवारी तुझ्या बापाचा फोन, "आई, भिंत धरून का चालतेस?" तायपेईत बसून त्याला माझी भिंत दिसली कशी? वर म्हणतो, त्याच्या अकराव्या मजल्यावरच्या घरातली एक खोली माझ्यासाठी रंगवून घेतलीय. मी सांगितलं होतं रंगवायला?

शेजारची आ-ग्योक म्हणाली, मशीन नीट वागायला वर त्या कुरकुऱ्यांचं पाकीट ठेव, ज्यांच्या नावातच 'शहाण्यासारखं वाग' आहे. तुमच्या ऑफिसातही ठेवतातच की. पण बयेने आणलं पिवळं!

मी म्हटलं, "अगं, हिरवं ठेवतात. पिवळ्याने मशीन बंद पडेल."

"मग बरंच की. डोळा मिटेल!"

पिवळं आम्ही खाल्लं. हिरवं बुधवारी डोळ्यापुढे टेकवून ठेवलंय.

अक्षर वाकडं दिसेल. पेन वाईट आहे. डाव्या हाताला कुठलंही पेन वाईटच. उजव्याला पट्टी आहे. गुरुवारी न्हाणीघर ओलं होतं. आ-ग्योक कुणाला बोलणार नाही, मशीनने पाहिलं नाही, म्हणजे मी पडलेच नाही. बापाला कळलं तर ते कुणी सांगितलं, हे मला विचारावं लागणार नाही.

पाकिटाची तारीख पूर्वजांची थडगी झाडायच्या सणापर्यंतच, म्हणजे एप्रिल लागेपर्यंतच आहे. मुदत संपलेलं ठेवलं तर मशीन कसं रुसतं, ते तुला मी काय सांगू? बदलायला तू ये. एकटी ये. आणि न्हाणीघराच्या भिंतीत धरायला दांडा बसवतात म्हणे, तो मिळाला तर घेऊन ये.

तोवर डोळा झाकलेलाच राहील.

तुझी, अजून स्वतःच्याच घरात असलेली,
आजी