पहिल्या तारखेचे पैसे

१ मार्च

ताई,

ह्यांना जाऊन आज महिना झाला. सकाळी बँकेत गेले, तिथून कामावर.

भेटायला आलात तेव्हा तुमची नि ह्यांची लेक म्हणाली, "बाबा भांडकुदळ होते, पण माझ्या फीचे पैसे कधी चुकवले नाहीत." तुम्हीही मान डोलावलीत. मी पाणी आणायला उठले. ह्यांची नोकरी सुटल्यापासून ते पैसे माझ्या शिलाईच्या पगारातून जायचे. "पोरीला कळू देऊ नकोस," एवढंच हे म्हणायचे.

वकील म्हणाले, "बाई, त्यांच्या घटस्फोटात ठरलेल्या फीचं आता तुमच्यावर कसलंही बंधन नाही."

तरी आज भरले. विचारलंत, तर ह्यांच्या विम्याचे म्हणेन. म्हणून ह्या पत्राच्या पाकिटावर पत्ता लिहीत नाही.

उद्या शिलाईच्या कारखान्यात घालायचा एप्रन इस्त्री करायचा राहिलाय, तो करते.

तुमची,
धाकटी