एका दारात एक्केचाळीस घरं

पो. नांदूरघाट, ता. केज
दि. ९ फेब्रुवारी २०२५, रविवार

चि. सायलीस आबाचा आशीर्वाद.

पत्र बघून घाबरू नको. इकडं कोणी आजारी नाही. तुझ्या आजीचे गुडघे होते तसेच आहेत. फोनही चालू आहे. तरी पत्र लिहितो, कारण तुझ्याशी फोनवर बोलायला लागलं की ती शेजारी येऊन बसते आणि कमी ऐकू येतं म्हणून प्रत्येक गोष्ट मला परत मोठ्यानं सांगायला लावते. हे मला मोठ्यानं सांगता येणार नाही.

शाळा चौथीपर्यंत झाली, तेव्हा चुका असतील. समजून घे.

हरभरा काढायला आलाय. ज्वारी बरी आहे, पाखरं मात्र लई आहेत. ओढ्यापलीकडं माळावरच्या वस्तीत एक्केचाळीस घरांपैकी पाच दारं उघडी आहेत, बाकी सगळे कारखान्यावर. छबुबाई यंदा गेली नाही. तुझा बाप गेला, ते तुला माहीत आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकट्या माणसाचा अर्धा. टोळीच्या यादीत सोमेश्वरच्या नावापुढं अर्धा असं लिहिलेलं मी पाहिलं. त्यानं गोधडी गुंडाळली आणि ट्रकमध्ये बसला.

तुझं जेवणखाण वेळेवर आहे का? पुण्यात थंडी गेली का?

बुधवारी तू फोनवर विचारलंस, "आबा, वस्तीवरची सगळी घरं आमच्या ऑफिसच्या नकाशात एकाच ठिकाणी आलीत, आणि ते ठिकाण तुमच्या दारात आहे. कुणी सर्वेवाला तुमच्याकडं येऊन बसला होता का?" मी म्हणालो, आठवत नाही. तू म्हणालीस, बरं. त्या बरंपासून मला अन्न गोड लागत नाही.

मला आठवतं, बाई. दिवससुद्धा आठवतो. संक्रांतीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट, मागच्या वर्षीची. विजयसिंह नावाचा माणूस होता, चाळिशी ओलांडलेला, हातात पाटीएवढा फोन. ज्या त्या घरी जायचं, माणसं विचारायची आणि दारात उभं राहून बटण दाबायचं, म्हणजे ते घर कुठं आहे ते फोनला आणि पुढं दवाखान्याच्या गाडीलाही कळतं, असं त्याचं काम. त्याच्या पायाला काही लागलं होतं, लंगडत होता. आपल्या ओट्यावर टेकला. तुझ्या आजीनं चहा दिला.

"आबा, ओढ्यापलीकडं कोण ऱ्हातं?"

"एक्केचाळीस घरं हायत. पर जाऊन काय करता? समद्यांला कुलपं. उसाला गेल्यात."

"मग मी कुणाला विचारू? कुलपाला?"

"मला इचारा की. माझा ल्योक सून तिथंच ऱ्हातात. कोण कवा जलमलं ते सुदिक सांगतो."

तो हसला. मीही हसलो. मला बरं वाटलं, हे खरं लिहितो. इतक्या वर्षांत कोणी साहेब माणसानं मला बसून काही विचारलं नव्हतं. तो नाव घ्यायचा, मी सांगायचो. सिदूच्या घरात माणसं किती? तीन, अन् एक शेळी, पर घरात चालतं तिचंच. तो लिहायचा, बटण दाबायचा, पुढचं घर. दुपार कलेपर्यंत एक्केचाळीस घरं झाली. सत्ताविसावं तुझ्या बापाचं. मी सांगितलं, सोमेश्वर, मंगल, आणि मुलगी पुण्याला नोकरीला. शेवटी माझा अंगठा घेतला. सही येते म्हणालो, पण त्याच्या फोनला अंगठाच चालत होता.

त्यात वाईट काही झालं असं तेव्हा वाटलं नाही. उलट दोन दिवस मी पारावर सांगत होतो, सगळ्या माळाचा सर्वे मी करून दिला म्हणून. बजरंग म्हणालासुद्धा, "म्हाताऱ्याला आता तलाठीच करा."

मग आठवड्यानं विजयसिंह फाट्यावर भेटला. मला बाजूला घेतलं. "आबा, तपासणी लागणार हाय म्हणतात. कुणी येऊन इचारलं की अमक्याचं घर हेच का, तर हेच म्हना. समदे बरे हायत म्हना. न्हाई तर माझी नोकरी जाईल, अन् अंगठा तुमचा हाय, ध्यानात असू द्या."

तुला माझा स्वभाव माहीत आहे. तेव्हापासून पांढऱ्या शर्टाचा माणूस गल्लीत आला की तपासणीच आली असं वाटायचं. कुणी चुकून बिल द्यायला आला तरी मी आत जाऊन बसायचो. आजीला वाटायचं म्हाताऱ्याला काही बाधा झाली.

हात दुखायला लागला. बाकीचं नंतर लिहितो.

मंगळवार, ११ तारीख

काल लिहिलं नाही. परवाचं पत्र वाचून पाहिलं. हरभरा लिहिला, गुडघे लिहिले. जे लिहायचं ते अजून लिहिलेलं नाही.

तुझी आई गेली त्या दिवशीचं लिहितो. २८ सप्टेंबर. सोयाबीन काढायला आलं होतं, अजून घट बसायचे होते. तुला जे सांगितलं ते असं, की छबुबाईनं दुपारी बारा वाजता दवाखान्याच्या गाडीला फोन केला, मंगलला पायाला पान लागलंय, साप दिसला नाही पण दोन दात दिसतात. वस्तीवर दुसरं वाहन नव्हतं. मोटारसायकल घेऊन सोमेश्वर केजला बाजाराला गेलेला. गाडी निघाली, पण रस्ता चुकली, म्हणून उशीर झाला. सगळे असंच धरून आहेत.

गाडी रस्ता चुकली नाही. ती आपल्या दारात आली.

म्हणजे गाडी देवळापाशी थांबली, गल्लीत येत नाही म्हणून. मला ती दिसली नाही. मी ओट्यावर दावं वळत बसलो होतो. आजी गिरणीवर गेलेली, फोन तिच्या पिशवीत. एक माणूस एकटाच चालत वर आला. पांढरा शर्ट. हातात फोन धरून, एकदा फोनकडं बघायचा, एकदा आपल्या दाराकडं.

"सोमेश्वर धोंडीराम यांचं घर हेच का?"

मी म्हणालो, "हेच."

"मंगलबाई कुठंयत?"

"हायत की. बऱ्या हायत."

"बऱ्या हायत? मग फोन कावून केला?"

"मला म्हाईत न्हाई साहेब. समदे इथंच ऱ्हातात. समदे बरे हायत."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, उघड्या दारातून आत पाहिलं. आत कोणी नव्हतं. मग जाता जाता फोनवर कुणाला तरी म्हणाला, "खोटा कॉल हाय बे, चल माघारी." ते मी ऐकलं. मला वाटलं, तपासणी टळली. मी परत दावं वळायला बसलो.

छबुबाईचा दुसरा फोन गाडीला लागला तेव्हा ती नांदूरघाटच्या फाट्याला पोचली होती. तिथून परतली. मग भोंगा वाजवत देवळावरून ओढ्याकडं गेली. तेव्हा मला गाडी दिसली आणि तो माणूस पुढं बसलेला दिसला. दावं हातात होतं. मधल्या वेळात चार हात वळून झालं होतं. ते तसंच ठेवलंय, कुठल्या जनावराला बांधलेलं नाही.

केजच्या अलीकडं ती गेली. डॉक्टरनं आधी आणलं असतं तर काय, हे सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही. मी तर नाहीच.

तुला आठवत असेल, तू पुण्याहून आलीस तेव्हा तोच पांढऱ्या शर्टाचा गाडीवाला केजच्या दवाखान्यात होता. तू त्याला म्हणालीस, "वेळ का लागला तेवढं सांगा." तो म्हणाला, "ताई, घर सापडलं होतं, पण पेशंट सापडला न्हाई. एक म्हातारा होता तिथं." आपल्या गावातल्या अंगदनं त्याची गचांडी धरली, थापा मारतो म्हणून. दोघातिघांनी त्याला ढकललं. मी चार पावलांवर उभा होतो. त्यानं मला पाहिलं. ओळखलं का नाही, देव जाणे. मी मान खाली घातली आणि म्हणालो, रस्ता सापडला नसेल बिचाऱ्याला. तो खरं बोलत होता, सायली. त्याचं नाव मला माहीत नाही. तुला काढता आलं तर काढ.

मला रडू आलं नाही, ना तेव्हा, ना नंतर. दहावा झाला, तेरावा झाला, पंगतीत वाढलंसुद्धा. अंगात काही राहिलं नाही असं वाटतं. कुणी चिमटा काढला तरी कळणार नाही. हे तुझ्याकडून काही मिळावं म्हणून लिहीत नाही, जसं आहे तसं लिहितो.

दिवाळीला तू आलीस, आजीबरोबर तूर निवडत बसलीस आणि मला तुझं काम समजावून सांगितलंस. मी म्हणालो, ज्वारीच्या पेवासारखं का? तू म्हणालीस, "तसंच आबा, माहितीचं भांडार. महसूलवाले वेगळं लिहितात, दवाखानेवाले वेगळं, रस्तेवाले वेगळं. ते सगळं एका जागी आणायचं, आणि प्रत्येक नोंदीला तिचं ठिकाण चिकटवायचं. म्हणजे साहेबानं विचारलं की दवाखान्यापासून लांब कोण आहे, तर नकाशावर वस्त्याच उठून दिसल्या पाहिजेत." आणि म्हणालीस, "आईच्या गाडीसारखी दुसरी कुठली गाडी चुकायला नको." तूर निवडता निवडता बोललीस, माझ्याकडं न बघता. मी तिथून उठलो आणि गोठ्यात गेलो. बैलांना पाणी पाजून झालेलं होतं, परत पाजलं.

आता तुझ्या नकाशावर माळ रिकामा दिसतो. माळावर कोणी राहतच नाही, सगळे माझ्या दारात राहतात. आणि तू बुधवारी सांगितलंस की वीस तारखेला बीडला बैठक आहे, आरोग्य उपकेंद्र कुठं द्यायचं आणि ओढ्यावर पूल कुठं बांधायचा ते त्या नकाशावरून ठरणार. तोवर खरं ठिकाण कळलं नाही तर ही एक्केचाळीस घरं खोटी म्हणून नकाशातून काढून टाकावी लागतील. म्हणजे आधी ती चुकीच्या जागी होती, आता कुठंच नसतील. ही गोष्ट सोमेश्वर आल्यावर त्याला आधी सांगावी, मग तुला, असं ठरवलं होतं. पण तो पाडव्यापर्यंत येत नाही आणि वीस तारीख थांबत नाही.

म्हणून गुरुवार-शुक्रवार मी माळावर गेलो. एकटाच. फोनवरचं ठिकाण मला घेता येत नाही. पावलं मोजली. ओढ्याच्या खडकापासून सुरुवात केली, तो खडक तुझ्या नकाशात दिसतोच म्हणालीस. तिथून सिदूचं घर दोनशे अठरा पावलं, उगवतीला. सिदूपासून सुंदररावचं एकशे चार, बोरीकडून. असं दारोदार. कुलपाला हात लावायचा, पुढं जायचं. छबुबाईनं विचारलं, "मामा, काय हरवलंय का?" मी म्हणालो, "व्हय." ती म्हणाली, "चष्मा तर नाकावरच हाय." मग माझं तोंड बघून पाणी दिलं.

सत्ताविसावं घर मी शेवटी मोजलं. छबुबाईच्या चुलीपासून तीनशे एकोणपन्नास पावलं, माळाच्या पार टोकाला. दाराला कुलूप. शेजारच्या छपराच्या वाशाला मंगलचा विळा अडकवलेला आहे, तिनंच अडकवला असेल असा, आत पातं करून. मी दाराला हात लावला आणि माघारी फिरलो. तिथून आपल्या घरापर्यंत चार हजार तीनशे बारा. ओढ्यात उतरताना आठ-दहा पावलांची चूक झाली असेल, पाय घसरला होता. शनिवारी परत जाऊन तेवढी मोजली. तेरा जास्त भरली. तीही धर.

सगळी यादी सोबत जोडली आहे. तीन पानं आहेत. सिदूचं घर दोनदा लिहिलं गेलंय, एक खोड. अंगदकडं मोटारसायकल आणि चांगला फोन आहे. तू त्याला सांग, तो यादी बघून प्रत्येक दारात जाऊन बटण दाबेल. का ते त्याला सांगायचं का नाही, तू ठरव. सांगितलंस तरी मी नाही म्हणणार नाही. विजयसिंहाचं काय करायचं तेही तूच बघ, पण अंगठा माझा आहे, तो दुसऱ्यावर ढकलू नको.

एकच विचारतो. दिवाळीला तू म्हणाली होतीस, तुमच्या भांडारात जुनी नोंद पुसत नाहीत, नवी तिच्याशेजारी तारखेसकट ठेवतात, म्हणजे कोणत्या दिवशी कोणाला काय दिसत होतं ते नंतर बघता येतं. मी तेव्हा विचारलं होतं, चुकीची असली तरी? तू म्हणालीस, चुकीची असली तरी. मग माझी नोंद तशीच राहू दे. सत्तावीस नंबर नव्या जागी लाव, आजची तारीख टाक. पण २८ सप्टेंबरला ते माझ्या दारात होतं. कुणी त्या दिवसाचं काढून बघितलं तर गाडी बरोबर आली होती हे दिसेल. गाडीवाला खोटा नव्हता हे दिसेल.

पत्र उद्या नांदूरघाटला जाऊन मीच टाकतो, दुसऱ्याच्या हाती देत नाही. स्पीड पोस्ट करतो.

उत्तर लिहू नको. लिहावंसं वाटलं नाही तर ते बरोबरच आहे. घरं जागेवर लागली की आजीच्या फोनवर एकदा वाजवून ठेवून दे. दोनदा नको, दोनदा वाजला की ती उचलते. एकदा वाजला की मी समजेन. मी फोनजवळच असतो.

थंडी अंगावर काढू नको.

धोंडीराम
(या ठिकाणी घर एकच आहे.)